आपण कुठे आहात?

नव्या बायबलची प्रूफं आली तेव्हा वेलांटीमामांनी आधी चष्मा पुसला, मग सुस्कारा टाकला. छापखान्यात प्रूफं तपासताना ऱ्हस्व-दीर्घावरून भल्याभल्यांशी भांडून त्यांनी हे नाव कमावलं होतं. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही चूक सुटलेली नव्हती, असं निदान ते तरी सांगत.

भाषांतर समितीने बराच खल करून ठरवलं होतं की, देवाला 'तू' म्हणणं बरं दिसत नाही. बँकेतल्या साहेबाला आपण अहोजाहो करतो, मग देवानेच काय घोडं मारलंय? तेव्हा इथून पुढे देवाला 'आपण'. टायपिंगवाल्या बाईंनी एका बटणासरशी पुस्तकातले झाडून सगळे 'तू' बदलून टाकले. त्या फटक्यात 'हेतू'चा 'हेआपण' झाला आणि 'वस्तू'ची 'वस्आपण'. क्रियापदं मात्र जागची हलली नाहीत. 'आपण आहेस', 'आपण करतोस' असला संसार सरळ करायचं काम मामांच्या गळ्यात पडलं.

दिवसा दुरुस्त केलेली पानं मामा संध्याकाळी घरी मोठ्याने वाचत. डोळ्यांना चुकवणारी चूक कानाला टोचते, असा त्यांचा अनुभव. ऐकायला थोरली बहीण, ताई. इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरींना इस्त्री करून ती निवृत्त झाली होती, पण हात निवृत्त व्हायला तयार नव्हते. मामांच्या पायपुशाचीही घडी मोडलेली तिला चालत नसे.

पहिलं बाड प्रार्थनांचं होतं.

"हा कुणाशी बोलतोय?" ताईने विचारलं.

"देवाशी."

"मला वाटलं, रजेचा अर्ज आहे."

"अगं, आदर नको का?"

"आदर ठेव तुझ्या छापखान्यात. आमचे हे गेले तेव्हा मी त्याला काय काय सुनावलं होतं, माहितीये? 'आपण' म्हणून कधी कुणाशी भांडता येतं का? हेच छापणार असाल, तर उद्यापासून मी ऐकणार नाही. माझं त्याच्याशी धड चाललंय, त्यात काड्या घालू नकोस."

पण ऐकायची सवय जबर. तिसऱ्या संध्याकाळी बायबलच्या अगदी सुरुवातीच्या पानांचं बाड निघालं. पहिला माणूस फळ खाऊन झाडाआड लपलेला, आणि देव बागेत फिरत हाक मारतोय. मामांनी वाचलं, "आपण कुठे आहात?"

आणि जीभ चावली. बटणाने देवाच्या तोंडचे 'तू'सुद्धा खाल्ले होते, आणि 'आहेस'चं 'आहात' त्यांनी स्वतःच इमानेइतबारे करून ठेवलं होतं!

ताईने इस्त्री उभी ठेवली. "परत वाच."

"चूक आहे ती, ताई."

"असू दे. वाच."

त्यांनी वाचलं.

"एकतीस वर्षं मी 'ए इस्त्री' होते," ताई म्हणाली. "मला कधी कुणी 'आपण' म्हटलं नाही रे. आणि हा बघ, चोरी पकडायला आलाय आणि विचारतोय कसा!"

शनिवारी समितीपुढे मामांनी चूक कबूल केली. तीस वर्षांचा लौकिक असा एका मिनिटात गेला. आता जायचं ते गेलंच आहे म्हणून त्यांनी पुढचंही बोलून घेतलं. "आमच्या ताईचं म्हणणं आहे, देवाला 'तू'च असू द्या."

"ताई कुठल्या विद्यापीठाच्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"धुलाईघराच्या. पण सर, एक विचारू? आपण स्वतः प्रार्थनेत काय म्हणता?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मी... 'तू' म्हणतो. पण ते खासगीत."

कोपऱ्यात बसलेले चर्चचे पाळकसाहेब इतके हसले की पुढे मतदानाची गरज उरली नाही.

सगळे 'तू' परत आले, देवाला म्हटलेले आणि देवाने म्हटलेलेही. दुसऱ्यांदा क्रियापदं फिरवताना मामा कुरकुरले, पण शीळही घालत होते. जुनी प्रूफं मात्र मोजून छापखान्यात परत करायची असतात. त्यात एक पान कमी भरलं. "चहा सांडला," मामा म्हणाले. देवाच्या कामात ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

ते पान ताईने हलक्या हाताने इस्त्री करून आपल्या इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवलं. इस्त्री तापेपर्यंत ती रोज सकाळी ते मोठ्याने वाचते.

"आपण कुठे आहात?"

मग बाही सरळ करता करता उत्तर देते, "ही काय, इथेच आहे. ये, बस. पण घडीवर नको बसूस."