टर्कीची आटवल

सुयोगचा फोन आला तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. "आई, टर्की आणतोय. मोठं पातेलं रिकामं ठेव." मी हे मोठ्याने सांगितलं तर ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, की टॉवेल पातेल्यात कशाला उकळायचा, मशीन बिघडलं का? ह्यांच्या लेखी टर्की म्हणजे अंग पुसायचा जाड टॉवेल.

सुयोग आमचा मुलगा, अंधेरीच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. रात्रीच्या मेजवानीतला उरलेला भाजका पक्षी स्टाफमध्ये वाटला, त्यातली एक तंगडी आणि बराचसा सांगाडा तो घेऊन आला. फॉइल उलगडल्यावर ह्यांच्या तोंडून थेट मालवणी बाहेर पडली. "हो कसलो कोंबो गो, बोकडाएवढो?" मार्गशीर्ष नुकताच संपला होता म्हणून बरं, नाहीतर मी त्याला दारातच अडवला असता.

सूप करायचं होतं गंधालीसाठी. गंधाली आमची सून. दिवाळी झाली आणि पाचवा महिना चालू असताना तिचं पोटातलं गेलं. डॉक्टर म्हणाले, कोणाची चूक नाही. तेव्हापासून दोन घास खायची आणि "पुरे, आई" म्हणून ताट सरकवायची. हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. तिला आई नाही, त्यामुळे चेंबूरला माहेरी पाठवायचं तरी कोणाकडे? ह्यांनी घरात नियमच केला होता, विषय काढायचा नाही. टीव्हीवर डायपरची जाहिरात लागली की आम्ही दोघं एकदमच रिमोटवर झडप घालायचो.

लग्नाआधी सुयोगने केलेलं सूप ती वाटीवाटीने प्यायची, एवढाच आता त्याला आधार. मला त्याने बजावलं, की मसाला नको, हळद नको, हाडं उकळून गाळायची, त्यात तांदूळ शिजवायचा, वरून मीठ-मिरी, बस. आणि रात्रपाळीचा दमलेला पोरगा तिथेच सोफ्यावर आडवा झाला.

हाडं मोडायला मला वरवंटा घ्यावा लागला. कांदा, आलं, मिरी टाकून तासभर उकळलं. वर चढलेला मेणचट तवंग काढला, गाळलं, गावचा उकडा तांदूळ घातला आणि तो बोटाने मोडेल असा शिजू दिला. मांस तोडून सोडलं. कोरडं, दोऱ्यासारखं मांस. पण रसात पडल्यावर मऊ झालं. चव बघितली. आजारी माणसाला चालेल अशी होती, पण जेवावंसं वाटेल अशी नव्हती. म्हणून कढल्यात तूप तापवलं, लसूण ठेचून टाकली, आणि तिसऱ्याच कोणाच्या तरी हाताने टाकल्यासारखी त्यात चिमूटभर मेथी पडली.

वास सुटला तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. आमच्याकडे बाळंतिणीला आटवल देतात. मऊ भात, लसूण, मिरी, मेथी आणि वर तूप. इतके दिवस मी मेथीचा डबासुद्धा गंधालीच्या नजरेआड मागे सरकवून ठेवला होता. जिच्या मांडीवर मूल नाही तिच्यापुढे बाळंतिणीचं ताट कसं ठेवायचं?

ओतून टाकावं असं मनात आलं. पण दुसरी टर्की कांजूरमार्गच्या बाजारात कुठे मिळणार? वर लिंबू पिळलं, भरपूर कोथिंबीर पसरली आणि वाडगा घेऊन तिच्या खोलीत गेले.

पहिला चमचा तिने तोंडात घेतला आणि थांबली.

"आई, ही आटवल आहे."

"सूप आहे गं. हॉटेलचं."

"दिशाताई बाळंतपणाला इथे माहेरी आल्या होत्या तेव्हा ताट मीच न्यायचे ना आत. मला वास कळतो." वाडग्यात बघत ती म्हणाली, "मला तेव्हा का नाही केलीत?"

माझ्याकडे उत्तर होतं. तुला त्रास होऊ नये म्हणून. पण ती पुढे बोलत होती.

"मलाही दूध आलं होतं, आई. मी कोणाला सांगितलं नाही. घरात कोणी काही बोलतच नव्हतं, तर मला वाटलं, तुमच्या लेखी काही झालंच नाही."

मी पलंगावर तिच्या शेजारी बसले. ती रडायला लागली, चमचा हातात तसाच. जवळ घ्यायचं सोडून मी काय म्हणावं? म्हटलं, आधी खा, मग रड, गार झालं की टर्कीला वास येतो. त्यावर ती रडतारडता हसली आणि खाऊ लागली. वाडगा संपवला. मग हाडाचा तुकडा मागितला, चोखायला. मी आत जाऊन पातेलंच घेऊन आले.

हे दारात उभे होते, कधीपासून कोणास ठाऊक. चपला घालून बाहेर पडले. संध्याकाळी पिशवी घेऊन आले ती ओट्यावर रिकामी केली. डिंक, अळीव, खारीक, खसखस.

"घाटकोपरला गेलो होतो," ते म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा, गंधालीच्या खोलीपर्यंत जाईल असा. "दुकानदाराने विचारलं, घरात बाळंतीण आहे का. म्हटलं, आहे."