चार ते पाच

पद्माकरने वाय-फायच्या डब्याला लाल टॅग बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. टॅगवर इंग्रजीत छापलं होतं: काम चालू आहे, हात लावू नका. खाली नाव, तारीख, वेळ आणि सही. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या त्याच्या केमिकल प्लांटमध्ये असा टॅग लागलेल्या व्हॉल्व्हला हात लावायची मोठ्या साहेबांचीसुद्धा छाती होत नाही.

"अरे, घरात आपण तिघं," सुलेखा म्हणाली. "कोण लावणार आहे हात?"

"चूक कुणी ठरवून करत नाही."

"आणि दात? दुखायचा थांबला का?"

दाताचं कारण सांगून त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. मुलीच्या इंटरव्ह्यूसाठी रजा घेतोय असं सांगितलं असतं, तर कसला इंटरव्ह्यू हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्याला कंपनीच्या बसमध्ये चारचौघांत द्यायचं नव्हतं.

जाईने व्हिएन्नाच्या एका विद्यापीठात अर्ज केला होता. विषय होता व्यवसाय आणि सर्जनशील उद्योग. म्हणजे नाटकं, संगीत, प्रकाशन, डिझाइन यांचा कारभार कसा चालवायचा याचं रीतसर शिक्षण. त्यासाठी पोरगी दीड वर्ष दर शनिवारी जर्मनच्या क्लासला जात होती. पद्माकरने तो विषय पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो म्हणाला होता, "आमच्या उद्योगात कुणी सर्जनशील झालं ना, की सायरन वाजतो." त्यानंतर बापलेकींत एक तह झाला. इथल्या विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगची जागा मिळालेली होती आणि तिथे शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. आज मंगळवार. व्हिएन्नाचं पॅनेल दोन दिवसांत कळवणार होतं. त्यांचा नकार आला, की मुकाट्याने इंजिनिअरिंग.

बरोबर तीन वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी नऊला, पडद्यावर तीन चेहरे आले. जाई तिच्या खोलीत पाठ ताठ करून बसली होती. क्वीन्सटाउनचे जुने फ्लॅट. दार नुसतं लोटलेलं असलं तरी आतलं सगळं पॅसेजमध्ये ऐकू येतं. शिवाय हेडफोन लावू नकोस, कान झाकले की माणूस ओरडून बोलतो, हा सल्ला पद्माकरनेच दिला होता. आता तो चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून उभा होता.

सुरुवात झकास झाली. मुलगी इंग्रजीत बोलत होती, मध्येच दोन वाक्यं जर्मन टाकत होती, आणि तिकडची माणसं हसत होती. पद्माकरने सुलेखाला अंगठा दाखवला.

मग अर्जासोबत जोडलेला नाटकाच्या वेळापत्रकाचा कागद निघाला. गेल्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात बावीस हौशी कलाकारांचं दोन अंकी नाटक जाईने उभं केलं होतं. सगळे नोकरदार. कुणी बँकेतून येणार, कुणी मुलांना ट्यूशनला सोडून येणार. तालमीला कुणी वेळेवर यायचं नाही म्हणून ती रडकुंडीला आली, तेव्हा पद्माकरने तिला आपल्या कामाचा तक्ता दिला होता. प्लांट वर्षातून एकदा बंद ठेवून दुरुस्ती करतात, तेव्हा एकवीस दिवसांतला तास न् तास त्या तक्त्यावर मांडलेला असतो. जाईने त्यावर नाटक बसवलं आणि पडदा ठरल्या मिनिटाला वर गेला.

"तुला हे कुणी शिकवलं?" पॅनेलमधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"माझ्या बाबाने. तो शटडाउन प्लॅन करतो. सिंगापूरमध्ये त्याच्यासारखा तक्ता कुणाला जमत नाही."

पद्माकरने कप खाली ठेवला. पंचवीस वर्षांत साहेबांनी दिलेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रकांची मिळून एवढी उंची झाली नव्हती.

"आणि प्रयोगाच्या दिवशी," बाई म्हणाल्या, "चार ते पाच. इथे लिहिलंय, अंतिम तपासणी आणि मंजुरी. पडदा साडेपाचचा असताना पूर्ण एक तास कशाची तपासणी? कोण करत होतं?"



"एक मिनिट," जाई म्हणाली. तिने कागद उलटापालटा केल्याचा आवाज आला. "मी... हे असं..."

तो चौकोन पद्माकरला आठवला. मार्चमध्ये अर्जाचे कागद स्कॅन करायला त्याच्याकडे आले होते. या घरातला कोणताही कागद त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. शाळेच्या सहलीचं संमतीपत्रकसुद्धा. तेव्हा त्याला चार ते पाचचा चौकोन कोरा दिसला होता. बावळट पोरगी, एवढं भरायचं विसरली! परीक्षक काय म्हणतील? त्याने त्यात चार शब्द भरून टाकले. पोरीला सांगायचंही त्याला सुचलं नाही. भलं केल्याचं सांगायचं काय असतं!

"हे तूच तयार केलंयस ना?" पॅनेलमधल्या गृहस्थांनी विचारलं. आवाजातलं हसू गेलं होतं.

आत पुन्हा कागद चाळल्याचा आवाज आला.

तक्त्यात एक अक्षर बदललं तरी खाली सही करायची, हे पद्माकर नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा. बिनसहीचा बदल सापडला म्हणून त्याने एकाला साइटवरून घरी पाठवलं होतं.

"अरे, कुठे चाललास?" सुलेखा कुजबुजली.

त्याने दार ढकललं. जाईने वळून पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. तो वाकून कॅमेऱ्यासमोर आला. घरातला टी-शर्ट, कपाळावर चढवलेला चष्मा.

"माफ करा, मी हिचा बाबा," तो म्हणाला. "तो बदल माझा आहे. हिला न विचारता केला, न सांगता केला. हिच्या कागदावर तो तास रिकामा होता. बाकीचा कागद तिचा आहे, एक रेघ माझी नाही. चूक माझी. तिच्या नावावर मांडू नका."

पॅनेलवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला.

"तुम्हाला काय वाटलं, ती भरायची विसरली?"

"हो. आमच्याकडे रिकामा तास म्हणजे अपुरा प्लॅन."

"मग तो रिकामा का होता?"

पद्माकरने जाईकडे पाहिलं. त्याने तर हे कधी विचारलंच नव्हतं. प्रयोगाला तो पहिल्या रांगेत बसला होता, पण चार वाजता नाही, सव्वापाचला आला होता.

"ते तिलाच माहीत," तो म्हणाला आणि कॅमेऱ्यातून बाजूला झाला.

जाई खुर्ची पुढे सरकवून बोलायला लागली.

"त्याआधीच्या वर्षी आमच्या नाटकातले शिरीषकाका बँकेतून थेट मेकअपला बसले आणि पहिल्याच प्रवेशात गडबडले. नंतर आत बसून रडले. एवढा मोठा माणूस. म्हणून मी एक तास रिकामा ठेवला, ज्यात कलाकारांना कुणी काही विचारायचं नाही. फोन टोपलीत. चहा प्यायचा, बसायचं. मंडळाच्या समितीला तोच तास प्रायोजकांच्या सत्काराला हवा होता. शाल, नारळ, भाषणं. मी नाही म्हटलं. मग प्रायोजकांच्या घरी गेले आणि म्हटलं, सत्कार नको, त्या तासाला तुम्ही या आणि कलाकारांना चहा द्या. ते आले. बावीस जणांना हातात कप दिला. आजही ते 'मी नाटकाला चहा दिला' असं सांगत फिरतात. या वर्षी त्यांनी स्वतःहून फोन केला."

"आणि समिती?"

"समिती महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती," जाई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

बाई बराच वेळ काही लिहीत होत्या. मूळ कागद आजच पाठवा, दोन्ही कागद विद्यापीठाच्या प्रवेश समितीपुढे ठेवावे लागतील, निर्णय काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग पडदा काळा झाला.

जाईने खुर्ची वळवली.

"विचारायचं तरी, बाबा. एकदा विचारायचं."

"चुकलं," पद्माकर म्हणाला. हा शब्द या घरात त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. दारात उभी असलेली सुलेखासुद्धा थबकली. "पण तू मला तेव्हा का नाही सांगितलंस? प्रायोजकाच्या घरी एकटी गेलीस. समितीशी भांडलीस."

"तू म्हणाला असतास, चार ते पाचला लाइट तपास."

म्हणाला असताच. त्याला उगाचच हसू आलं.

"शुक्रवारची ती जागा आहे ना," तो म्हणाला, "सोडून दे."

"बाबा, यांचा निकाल यायचाय. आणि तुझ्यामुळे आता..."

"नाही घेतलं तर झुरिच आहे, लाइपझिग आहे. पुढचं वर्ष आहे. तुला इंजिनिअरिंगला घालणं म्हणजे नासाडी आहे, माझ्या आता लक्षात आलं. तुला हवी असेल तर ठेव. मला नकोय."

जाईने खुर्ची परत टेबलाकडे वळवली. मग तिने लॅपटॉप पुढे ओढला, विद्यापीठाचं पान उघडलं, नकाराचा फॉर्म भरला. शेवटच्या बटणाशी तिचं बोट थांबलं. सवयीने तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"चेक कर."

पद्माकरने कपाळावरचा चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला.

"तूच कर," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्याचा आवाज यायला लागला. पुण्याला जाईच्या प्रबोधकाकाला फोन लागला होता, आणि पद्माकर फोनवर नेहमीच सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा बोलतो.

"नाही नाही, इंजिनिअरिंग नाही. नाटकाचं... हो, नाटकाचंच, बरोबर ऐकलंस... अरे, निकाल कसला विचारतोस? तिला शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही आहे का, ते बघतोय आम्ही."