दोन बाटल्या, एक डबा

“म्हणजे माझ्या गोळ्या खोट्या होत्या?”

“खोट्या नाही हो काका, बिनऔषधाच्या.” डॉक्टरबाईंनी हसू आवरलं. “पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आठवतंय ना? निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या नुसत्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. आता पहिला भाग संपला, म्हणून वरून आम्हाला कळवलं. तुमच्या बाटलीत नुसत्या गोळ्या होत्या.”

“आणि आमच्या हिच्या?”

“काकूंना खरं औषध होतं.”

काटेवाल्यांनी मान हलवली. काही कळलं की ते मान हलवायचे आणि काही कळलं नाही की जरा जास्त हलवायचे. आत्ता ते बराच वेळ हलवत होते. कारण खरं औषध जिच्या बाटलीत होतं ती बाहेर बाकावर शाल गुंडाळून कुडकुडत बसली होती, आणि ज्याच्या बाटलीत काहीच नव्हतं तो हा गृहस्थ खडखडीत बरा होऊन इथे खुर्चीत बसला होता.

त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या कागदांवरच काय ते होतं. बाकी सगळे त्यांना काटेवाले म्हणत, कारण दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. किराणावाल्याचा, सोनाराचा, भंगारवाल्याचा, कुठलाही काटा बिघडला की त्यांच्या टेबलावर यायचा. दोन्ही पारडी रिकामी असताना समोरासमोर उभी राहिली पाहिजेत, एवढं एकच त्यांना आयुष्यात कळत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. घरात ते आणि त्यांची बायको. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. बायकोचा स्वभाव घरातली सगळी कामं न बोलता उरकण्याचा, आणि यांचा न केलेल्या कामांबद्दलसुद्धा बोलण्याचा.

ताप आला तोही दोघांना एका आठवड्यात. हा ताप मोठा लबाड होता. एकदम चढायचा, हाडं खिळखिळी करायचा, मग उतरायचा. गेला एकदाचा म्हणून माणूस अंघोळ करून कामाला लागावा, तर पुन्हा दारात हजर. नेहमीच्या औषधांनी हात टेकले तेव्हा कोणीतरी या तपासणी केंद्राचा पत्ता दिला. इथे याच तापावरच्या नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. नवरा-बायकोला एकदम घ्यावं की नाही यावर डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. पण ताप तोच, दोघंही नियमात बसणारी. मग कोणाला काय ते ठरवायला दोघांची वेगवेगळी चिठ्ठी निघाली आणि दोघांच्या हातात एकेक बाटली आली. बाटल्या सारख्या, गोळ्या सारख्या, झाकणाचा रंगही सारखा.

घरी गेल्यावर काटेवाले त्या दोन बाटल्यांसमोर संध्याकाळभर बसून राहिले. त्यांना ते पटेचना. एकाच्या ताटात जेवण आणि दुसऱ्याला रिकामं ताट, आणि दोघांनी तोंड पुसून उठायचं, हा कुठला न्याय? शेवटी त्यांनी एक स्टीलचा डबा घेतला, दोन्ही बाटल्या त्यात उपड्या केल्या आणि चमच्याने ढवळल्या.

“आता जे काय असेल ते दोघांना निम्मं निम्मं,” ते म्हणाले. “बरं होऊ तर दोघं होऊ.”

बायको डब्याकडे बघत राहिली. “चालतं का असं?”

“कोण बघायला येतंय? रोज सकाळी तू काढत जा, तुझ्या हातचं वाटप सरळ असतं.”

तेव्हापासून रोज सकाळी ती डबा घेऊन ओट्यापाशी उभी राहायची. तिला जन्मात कधी अख्खी गोळी गिळता आली नाही, म्हणून ती प्रत्येक गोळीचे दोन तुकडे करायची, आपल्याही आणि त्यांच्याही. त्यांचे तुकडे बशीत यायचे. तोंड वाकडं करून ते पाणी प्यायचे आणि म्हणायचे, “काय कडू आहे गं हे.” ती म्हणायची, “हो ना, फारच.”

महिना होत आला तसा त्यांचा ताप लांबत गेला आणि मग आलाच नाही. तापाने हाताला आलेला कंप गेला. सोनाराच्या काट्याची ती केसाएवढी सुई पुन्हा चिमटीत धरता यायला लागली. तिचा ताप मात्र आपला येतच राहिला. ते म्हणायचे, तुझी प्रकृती जरा मंद, तुला वेळ लागेल. तीही हो म्हणायची.

“काका, लक्ष आहे ना?” डॉक्टरबाई सांगत होत्या. “आता ज्यांना नुसत्या गोळ्या मिळाल्या त्यांना पुढच्या भागात खरं औषध द्यायचंय. तुमचा ताप आपोआप गेला, चांगलंच झालं, पण हा उलटणारा ताप आहे. ही तुमची बाटली. पूर्ण घ्यायची.”

“आणि हिला?”

डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. “काकूंना हे लागू पडत नाही असं दिसतंय. पूर्ण औषध होऊनही ताप आहे, तर पुन्हा तेच देता येत नाही. त्यांना अभ्यासातून काढून मोठ्या दवाखान्यात पाठवू. तिथे जे मिळेल ते.”

“जे मिळेल ते म्हणजे आधीचंच?”

“हो, सध्या तरी.”

आधीचंच म्हणजे ज्याने काही झालं नव्हतं ते. नवं औषध मिळालं नाही तर ही अशीच झिजत जाणार, हे कळायला काही शिक्षण लागत नव्हतं.

“पण डॉक्टरबाई, माझ्या गोळ्या कडू होत्या हो. चांगल्या कडू.”

“भास असतो काका. पुष्कळांना होतो. त्या गोळ्यांत नुसती गोडसर पूड असते, आणि खऱ्या गोळीवरसुद्धा लेप असतो. अख्खी गिळली की चव लागतच नाही. तोडली तरच कडू.”

तोडली तरच. काटेवाले बाटली टेबलावरच ठेवून, “आलोच,” म्हणत उठले.

बाकावर बायको भिंतीला डोकं टेकून बसली होती. ते शेजारी बसले. विचारायचं काय तेच त्यांना सुचेना. निम्मं निम्मं केलं होतं, तर एक बरा आणि एक आजारी कसा? आणि सगळे तुकडे मला कडूच कसे लागले? डोक्यात हिशेब मांडावा तर एका बाजूला भलतंच वजन पडत होतं.

“तुला गोळ्या कडू लागायच्या?” त्यांनी शेवटी विचारलं.

“का?”

“सांग ना.”

“मला कडू जात नाही, माहितीये ना तुम्हाला.”

“अगं, मग रोज हो ना, हो ना काय म्हणायचीस?”

ती शालीतूनच म्हणाली, “तोडल्यावर जीभ लावून बघायचे. काही कडू, काही नुसत्या पिठासारख्या. कडू ते औषध, एवढं लहान पोरालाही कळतं. कडू तुमच्या बशीत टाकायचे.”

“सगळे?”

“सगळे काय, असतील तेवढे.”

“आणि तुला?”

“मी घेत होतेच की. उरलेल्या.”

काटेवाल्यांना राग आला, आणि राग नेमका कोणावर काढावा ते कळेना म्हणून तो आणखी वाढला. “मी निम्मं निम्मं म्हटलं होतं. डबा मी कशाला केला मग?”

“तुम्ही चांगलंच केलंत. नाहीतर औषध माझ्या बाटलीत निघालं असतं तर मला ते तुम्हाला देता आलं नसतं. म्हणाला असतात, तुझं तू घे.” तिने डोळे उघडले. “तुमचा हात बघवत नव्हता. काटा पुढ्यात घेऊन नुसते बसायचात. मी काय, घरातच असते. मला ताप असला काय, नसला काय.”

“वेडी आहेस तू,” ते म्हणाले. त्यांना रडू येत होतं.

“आत काय म्हणाल्या बाई?”

त्यांनी सांगितलं. ऐकून ती लगेच सरळ झाली. इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तरतरी आली. “मग झालं तर. बाटली तुमच्या नावावर घ्या, घरी चला. मी घेते त्या गोळ्या. कडू तर कडू.”

इतकं सोपं होतं. काटेवाल्यांनाही ते एकदम पटलं. एकदा अदलाबदल झाली होती, ती उलट करायची, की पारडी समोरासमोर. ते उठले आणि घाईघाईने आत गेले.

डॉक्टरबाई फोनवर बोलत होत्या. “नाही सर, एक नाही. या काकू धरून तिघी झाल्या. तिघींनाही खरं औषध होतं, तिघींचा ताप तसाच. या वयाच्या बायकांना हे द्यायचं थांबवावं का, यावर बोलायला हवं.” त्यांनी फोन ठेवला आणि बाटली पुढे केली. “घ्या काका.”

काटेवाल्यांनी बाटली घेतली. दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. मघाशी सोपं वाटलेलं पुन्हा सगळं गुंतलं. तिघी. म्हणजे आणखी दोन बायका कुठल्यातरी बाकावर अशाच शाल घेऊन बसल्या असतील.

“डॉक्टरबाई, त्या बाकीच्या दोघी... त्यांच्या घरी आणखी कोणाला ताप आहे का हो?”

“म्हणजे?”

“नवऱ्याला, नाहीतर मुलाला. कोणालाही.”

“असेलही. का?”

मग काटेवाल्यांना थांबता आलं नाही. डबा, चमचा, तुकडे, बशी, सगळं त्यांनी उलटसुलट सांगितलं. मधेच मागचं पुढे झालं, डॉक्टरबाईंनी दोनदा पहिल्यापासून विचारलं. सांगून झाल्यावर त्या कपाळाला हात लावून बसल्या.

“काका, काय केलंत हे?”

“तेच मला कळत नाहीये,” काटेवाले खरं तेच बोलले. “पण औषध वाईट नाही, एवढं लिहा. मी बरा झालोय.”

डॉक्टरबाई चिडल्या होत्या, पण त्या पुन्हा फोन लावून दुसऱ्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. त्या दोघींच्या घरी आजच माणूस पाठवणार होते. या दोघांची नावं मात्र रद्द झाली. बाटली परत ठेवावी लागेल. रक्त तपासून काकूंना पुढच्या तुकडीत नव्याने घेता येईल, एवढं त्यांनी भांडून मिळवलं होतं.

“म्हणजे तेव्हा औषध मिळेल?” काटेवाल्यांनी विचारलं.

“चिठ्ठी निघेल काका. खरं येईल किंवा नुसतं. ते मलाही माहीत नसेल.”

त्यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. ती आडवी पडली, तर उभी करून ठेवली.

बाकावर बायकोने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. “देत नव्हत्या का?”

“देत होत्या.”

“मग?”

“मी बोलून बसलो.” ते शेजारी बसले. त्यांनी त्या दोन बायकांचं सांगितलं, चिठ्ठीचंही सांगितलं. आपण बरोबर केलं की तिच्या तोंडचा घास काढला, ते त्यांना सांगता येत नव्हतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “त्या दोघींचं कळलं ते बरं झालं,” आणि पुन्हा भिंतीला डोकं टेकलं. ताप चढत होता.

त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. दोघं आजारी होती तेव्हा असा हात लावून काही समजायचं नाही, अंगं सारखीच तापलेली असायची. आणि ते बरे झाल्यापासून ती अंग दुखतंय म्हणून हात लावू द्यायची नाही. आज ते कपाळ इतकं भाजलं की त्यांनी हात झटकन मागे घेतला.

“काढू नका,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “किती गार झालाय हो तुमचा हात.”

त्यांनी हात परत ठेवला. तो गरम झाला तेव्हा दुसरा ठेवला.