टेकडीवरची फडफड

धाकट्याने नवी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा ह्यांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. खिडकीतूनच विचारलं, "टेकडीवर कधी नेतोस?"

"बाबा, आधी तयार तर होऊ द्या."

"नवी कोरी गाडी, आणि तयार नाही?"

"अशा गाड्या कंपनीतून येतात त्या नुसती हाडं असतात. मांस आपण भरायचं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेंगा सोलत होते. "ऐकलंस? हाडं आणलीत तुझ्या लेकाने."

टेकडीचं सांगायला हवं. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी जीपगाड्यांचे कॅनव्हासचे टप शिवले. धरणावरचे इंजिनियर, खाणवाले, जंगलखातं, सगळ्यांच्या उघड्या जीपा आमच्या दुकानात यायच्या. तेव्हा नव्या जीपला लागायची ती पहिली वस्तू म्हणजे आमचा टप आणि आमची सीट. विंच नाही, दिवे नाहीत, काही नाही. ह्यांची एक पद्धत होती. गाडीला मापाची टेप लावायच्या आधी मालकाला तीनदा चढायला-उतरायला लावायचे. "आधी बसणारा, मग गाडी," म्हणायचे. लठ्ठ कंत्राटदार घामाघूम व्हायचे, पण कुणी वाद घालत नसे.

टप चढवला की गावामागच्या खडकाळ टेकडीवर न्यायचा. तिथे कायम वारा. हे गाडी चालवायचे, मी मागच्या सीटवर खडू घेऊन. वारा भरला की कुठेतरी फडफड सुरू व्हायची. हे मान न वळवता विचारायचे, "कुठे?" मी हात फिरवून शोधायची आणि खूण करायची. "डावा कोपरा, मागची शिवण." खाली येऊन उसवायचं, पुन्हा शिवायचं, पुन्हा वर. ज्या दिवशी मी "कुठेच नाही" म्हणेन, त्या दिवशी हे म्हणायचे, "देऊन टाक." अशा किती गाड्या दिल्या त्याला हिशेब नाही. त्यातली आमची एकही नव्हती.

आता दुकान धाकटा चालवतो. शिलाई बंद झाली, गाड्यांचं सामान बसवून देतो. आणि ही घरातली पहिली गाडी. गेल्या वर्षी झटका आल्यापासून ह्यांचा डावा पाय नीट उचलत नाही. अंगणापलीकडे जाणं नाही. एकच धरून बसले होते, आपल्या घरची गाडी एकदा टेकडीवर न्यायची, हे पुढे आणि मी मागे. "एकदाच. मग कुठे ने म्हणणार नाही." मला काय वाटतं ते मी बोलून दाखवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मग तीन आठवडे गाडीत मांस भरणं चाललं. रविवारी धाकट्याचे मित्र जमायचे. प्रत्येकाचं एक मत. एक म्हणाला, आधी टायर मोठे घाल. दुसरा म्हणाला, टायर घातलेस तर स्प्रिंगा बदलून गाडी उचलावी लागेल. पुढच्या बंपरला विंच लागला, म्हणजे चिखलात रुतलं की स्वतःलाच ओढून काढायचा दोर. बॉनेटच्या कडेने एक काळी नळी वर गेली, खोल पाण्यात इंजिनाला श्वास घ्यायला. छपरावर लोखंडी रॅक बसला.

"हत्तीची सोंड लावलीस, अंबारी लावलीस. आता माहूत कुठून आणणार?" ह्यांनी विचारलं.

"मीच की."

"तू? पावसात भिजलास की शिंकतोस."

हसणं-खिदळणं होत होतं. मी चहाचे कप धुऊन धुऊन कंटाळले होते. मला दर रविवारी गाडी अजून थोडी उंच दिसायची. वाटायचं, माझंच वय झालंय.

चौथ्या रविवारी धाकट्याने गाडीचं दार उघडलं. "चला बाबा."

ह्यांनी दाराच्या आतली मूठ धरली. डावा पाय उचलला. तो जिथवर गेला तिथून गाडीची कड हातभर वर होती. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा तोल गेला आणि मी मागून पाठीला हात लावला.

"मी उचलतो तुम्हाला," धाकटा म्हणाला.

"पोतं आहे का मी?"

घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. धाकटा दारात उभा राहिला, हातात किल्ली. "आई, सगळे म्हणाले दोन-तीन इंचच उचलायची. त्यात टायर मोठे..."

"सगळे म्हणाले. बसणाऱ्याला तीनदा चढवून बघितलंस का?"

ह्याच दुकानात लहानाचा मोठा झालेला मुलगा. चिडायलाही माझ्यात जोर नव्हता.

संध्याकाळी ह्यांना दाराच्या चौकटीशी उभं केलं. "डावा पाय उचला."

"कशाला?"

"उचला म्हटलं ना."

पाय पोहोचला तिथे खडूने रेघ मारली. आठ इंच. गाडीची कड चोवीस इंचांवर. शेजारच्या सुताराकडून आठ-आठ इंचाच्या दोन पायऱ्यांचं, रुंद बुडाचं स्टूल करून घेतलं. जुन्या कॅनव्हासचा तुकडा माळ्यावर होता. पाय सरकू नये म्हणून पायऱ्यांवर तो दोन पदरी शिवला. दाभण ओढताना बोटं दुखली. पूर्वी दिवसाला दोन टप उरकायचे. ह्या वीतभर कामाला तीन दिवस लागले.

पुढच्या रविवारी हे एक पायरी, दुसरी पायरी करत गाडीत चढले. पाच मिनिटं लागली, पण कुणी हात लावला नाही. पट्टा लावून झाला आणि मी बसणार तिथे मागे वळून बघितलं. मागची सीटच नव्हती. तिथे प्लायवूडची भलीमोठी पेटी बसवली होती, खणांची, हत्यारं आणि दोर ठेवायला.

"तुझी आई कुठे बसणार?"

"आई पण येणार होती?"

त्या "पण"चा राग यायला हवा होता. पण मी इतकी दमले होते की मनात आलं, बरंच झालं. पायऱ्या शिवून झाल्या, आता ह्यांना जाऊ दे, मी जरा पडते. मीही फक्त ह्यांच्या पायाचं माप घेतलं, माझ्या जागेसाठी मागे डोकावले नाही. "जा तुम्ही. मला घरात कामं आहेत."

"आणि फडफड कोण बघणार?"

"बाबा, लोखंडी टप आहे. काय फडफडणार?"

"किल्ली काढ," हे म्हणाले.

पेटीला बारा बोल्ट होते. धाकटा पाना घेऊन मागे वाकला. दोन मित्रांना बोलावून पेटी बाहेर काढली. दुकानामागे ताडपत्रीखाली पडलेली सीट झटकून आणली आणि पुन्हा कसली. एवढा वेळ हे पुढच्या सीटवरून उतरले नाहीत. एकदा उतरलो की पुन्हा चढणं होणार नाही, म्हणाले. मी त्यांना तिथेच पाणी दिलं, गोळी दिली. दुपारी मी त्याच पायऱ्या धाकट्याच्या बाजूला लावून चढले, पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून कशीबशी मागे सरकले. गुडघ्याने दोनदा हाक मारली. पर्समध्ये खडूचा तुकडा होता. का घेतला, कोण जाणे.

टेकडी तशीच होती. दगड तेच, वारा तोच. गाडी हलत-डुलत वर गेली आणि माथ्यावर धाकट्याने वेग धरला. तेवढ्यात वर छपरावर शिट्टी सुरू झाली. बारीक, एकसारखी. रॅकची पुढची दांडी वारा कापत होती. पूर्वी असली गाडी मी कधीच पास केली नसती.

हे मान न वळवता म्हणाले, "कुठे?"

कंबर ठणकत होती. आता परत जाऊन पाना, नट, स्टूल, पुन्हा पुढच्या रविवारी वर. एवढं माझ्याने होणार नव्हतं. ह्यांना हल्ली ऐकूही कमी येतं.

"कुठेच नाही," मी म्हणाले.

"देऊन टाक"ची वाट बघत मी खडू मुठीत धरून बसले. शिट्टी चालूच होती.

"अगं, रॅकची पुढची दांडी वाजतेय की."

"ऐकू येतं तर विचारता कशाला?"

"तुला ऐकू येतं का ते बघत होतो."

धाकट्याने गाडी थांबवली. खाली उतरून रॅककडे बघत राहिला, कंबरेवर हात ठेवून. मी बाजूची काच सरकवली, खडू त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "पुढची दांडी, डावीकडून. खूण कर. रबर घालावं लागेल."

"म्हणजे पुन्हा यायचं?" धाकटा म्हणाला.

"यावंच लागेल," हे म्हणाले आणि डोकं मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.