तानासेमामाचं पाणी

माणूस मेला तरी त्याची तहान मरत नाही, असं जिउ नदीकाठच्या आमच्या गावात मानतात. म्हणून घरातल्या एखाद्या बिनलग्नाच्या किंवा विधवा बाईनं चव्वेचाळीस दिवस पहाटे झऱ्यावरून कावडीनं पाणी आणायचं आणि रोज एकाच शेजारघरी ओतायचं. वाटेत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. काढला, की आधीचं सगळं फुकट आणि मोजणी पुन्हा एकपासून. तानासे गेला तेव्हा ही कावड त्याच्या भाचीच्या, स्मरांदाच्या खांद्यावर आली. एकेचाळीस वर्षांची झाली तरी तिचं लग्न व्हायचं होतं, आणि ते का राहिलं हे गावात कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना तिची आई माहीत होती.

मामासाठी राबायला स्मरांदाची ना नव्हती. तिचा त्याच्यावर जीव होता. अख्ख्या गावाचाच होता म्हणा. साठी उलटल्यावर या माणसानं ऐन जानेवारीत नदीत उडी मारून पाद्रीबाबांनी सणाच्या दिवशी पाण्यात टाकलेला क्रूस वर काढला होता. स्वतःची शवपेटी नऊ वर्षं आधी करून घेतली होती आणि रिकामी कशाला ठेवा म्हणून तीत अक्रोड भरले होते. आणि जायच्या महिनाभर आधी त्यानंच शहरातल्या एका बाईच्या बेकरीत स्मरांदाला काम ठरवून दिलं होतं, वर राहायला खोलीसुद्धा.

"एकोणीस वर्षं आईचे पाय चेपतेयस," तो म्हणाला होता. "त्या पायांना काऽही झालेलं नाही. जा बाई, नाहीतर माझ्यासारखी होशील."

तुझ्यासारखं व्हायला मला आवडेलच की, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

पाणी पुरं होईस्तोवर बेकरीवाली थांबायला तयार झाली. पण तेविसाव्या दिवशी आई कुंपणाआडून ओरडली, "स्मरांदे, दूध उतू चाललंय गं!"

"मग उतरव की!" स्मरांदा म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

पुन्हा एक. बेकरीवालीनं फोनवर कुरकुर केली, पण पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर दुसरी ठेवीन, म्हणाली.

दुसऱ्या खेपेचा एकोणचाळिसावा दिवस रविवारी आला. त्या पहाटे आई तिच्यासोबत झऱ्यावर आली. भावाच्या पाण्याबरोबर चार पावलं चालावंसं वाटतं, म्हणाली. परतताना तिनं अक्रोडांची गोष्ट काढली.

"पाद्रीबाबांना पेटीवरच बसवलं गं त्यानं! आणि म्हणतो कसा, बाबा, जरा उठता का, तुमच्यासाठी खाऊ काढतो. झाकण उघडलं मात्र, आणि पाद्रीबाबा..."

आई नेमकी तिथं थांबली.

"...कुंपणावरून पळाले!" स्मरांदा खदखदून हसत म्हणाली.

आईनं अरेरे करत तोंडावर हात ठेवला. पण तिच्या चेहऱ्यावर निश्चिंती होती, आणि ती स्मरांदाला दिसली.

दुपारी वेता मावशी जेवायला आली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, नवरा धडधाकट, आणि चालीरीतींच्या बाबतीत पाद्रीबाबांनाही ऐकवणारी. सूप संपेपर्यंत दोघी भावाच्या आठवणीत रंगल्या.

"सात वेळा निघाला होता तो बंदरावरच्या नोकरीला," मावशी म्हणाली. "सातही वेळा स्टेशनावरून परत!"

"आपली आई आजारी पडायची ना," आई म्हणाली. "आणि गाडी सुटली, की उठून चूल पेटवायची!"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हा किस्सा स्मरांदानं शंभरदा ऐकला होता, आणि मामाच्या तोंडून तर तो सर्वांत रंगायचा. आज मात्र तिला हसू आलं नाही. सगळ्या गल्लीला हसवणारा तो माणूस जन्मभर गल्लीतच राहिला होता.

"तर उद्यापासून पुन्हा एक," आई पाव कापत म्हणाली. "बेकऱ्या काय, छप्पन्न मिळतील."

"मावशी," स्मरांदा म्हणाली, "दोनदा मोडलं माझ्याकडून. तिसऱ्यांदा तीच बाई चालते?"

मावशीनं चमचा खाली ठेवला. "छे! दोनदा जीभ घसरली, तिच्या हातचं पाणी मेलेल्याला पोचत नाही. घरात दुसरी कोण आहे मोकळी?"

उत्तर समोरच बसलं होतं. आई बारा वर्षांपूर्वी विधवा झाली होती.

"अगं, माझे पाय..."

"आज झऱ्यावर जाऊन आलीस ना? मग! भाऊ आहे आपला. तहानलेला ठेवणार आहेस त्याला?"

आपल्याच दाव्यात पाय अडकलेल्या गाईसारखी आई पाव कापता कापता थांबली. तिनं हेही पाहिलं, की मुलगी तिच्याकडे बघत नाहीये. पण भावावर तिचा खरंच जीव होता, ते नाटक नव्हतं.

सोमवारी पहाटे आई कावड घेऊन गेल्यावर स्मरांदानं पिशवी भरली. साडेसहाची बस पुलापाशी थांबते, आणि पुलाकडे जायला झऱ्याचीच वाट आहे. आई समोरून येताना दिसली, वाकलेली, बादल्या काठोकाठ भरलेल्या. दहा पावलांवर दोघी थांबल्या.

आईनं पिशवी पाहिली. तिचं तोंड उघडलं. कावड हेलकावली, पाणी तिच्या चपलांवर सांडलं. तिनं एक हाक मारली असती तर स्मरांदा परत फिरली असती. हे दोघींनाही ठाऊक होतं.

आईनं एका बादलीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. ओठ घट्ट मिटले. आणि डोळ्यांतून धार लागलेली तशीच ती स्मरांदाच्या अंगावरून पुढे शेजारच्या इलिंकाच्या दाराकडे चालत गेली.

बस येईपर्यंत स्मरांदा पुलावर आईच्या हाकेसाठी कान लावून उभी होती.