साहेबांचा चेहरा स्पष्ट हवा

घरात एकदा कुणाचा प्रिंटर दुरुस्त केला की माणूस जन्माचा तज्ज्ञ होतो. जावईबापूंनी हा गुन्हा लग्नानंतर लगेच केला होता. त्यामुळे सासरेबुवा निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभाच्या व्हिडिओ फाइलची डीव्हीडी करायचं काम न विचारताच त्यांच्या गळ्यात पडलं. सासूबाईंनी तेवढं हळूच बाजूला घेऊन विचारलं होतं, "माझं बोलणं राहील ना हो त्यात?"

"राहील की!" जावईबापू म्हणाले होते.

पहिली डिस्क लावली. सासरेबुवा भाषणाला उभे राहिले आणि चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन वळवळायला लागले.

"हा मी आहे?"

"आवाज तुमचाच आहे, बाबा."

"फाइलमध्ये तर लख्ख दिसतो!"

जावईबापूंनी समजावलं. डिस्कवरची जागा ठरलेली. साडेतीन तासांचा कार्यक्रम तिच्यात कोंबला, की एका चादरीत सहा जण झोपवल्यासारखं होतं; कुणालाच पुरत नाही, आणि चित्र फाटतं. दोन डिस्क केल्या तर प्रश्नच मिटला.

"दोन? म्हणजे रविवारी बघायला येणारे पाहुणे मध्येच उठणार. परत बसतील?"

ही शंका मात्र रास्त होती. मग काटछाट आली. सासरेबुवांनी ती ऑफिसात माणसं कमी करावीत तशी केली. सहकाऱ्यांची भाषणं गेली. हार राहिले, हार घालणारे गेले. स्वतःच्या भाषणाला अर्थातच कुणी हात लावायचा नव्हता.

"आणि हिची ती दोन मिनिटं काढा."

जन्मात पहिल्यांदा सासूबाई माइकसमोर उभ्या राहिल्या होत्या. "घरी यांना कुणी साहेब म्हणत नाही, आता सवय करावी लागेल," एवढं त्या म्हणाल्या आणि सगळं सभागृह हसलं. त्याआधी आणि त्यानंतर तिथे कुणी हसलं नव्हतं.

"बाबा, दोन मिनिटांनी काय फरक पडतो?"

"मला स्पष्ट दिसायचंय."

सासूबाई टेबल पुसत राहिल्या. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सासऱ्यांपुढे त्यांनी मुकाट्याने ती दोन मिनिटं कापली.

रविवारी पाहुणे जमले. नवी डिस्क लागली आणि काय सांगावं, साहेबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! सासरेबुवा खूश. पण त्यांच्या खांद्यामागे खुर्चीवर बसलेल्या सासूबाईही तितक्याच स्पष्ट दिसत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"आई, तू काय पुटपुटतेयस गं?" मेहुणीने विचारलं.

सगळे पुढे सरकले. साहेब अडखळले की सासूबाईंचे ओठ आधी हलायचे, आणि मग साहेबांना शब्द सुचायचा. असं भाषण संपेपर्यंत चाललं होतं.

"भाषण तू लिहिलंस?"

"पाठही मीच करून घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "शेवटचं पान राहिलंच होतं."

एक पाहुणा खोकला. बाकीच्यांना हसू आवरेना. सासरेबुवांनी घसा खाकरला. "जावईबापू, ती आधीची डिस्क इतकीही वाईट नव्हती हं."

"ती तर टाकून दिली; तसं अंधूक हवं तर सगळा कार्यक्रम परत घालावा लागेल, बाबा," जावईबापूंना एकदाचा कंठ फुटला. "आईंचं बोलणंसुद्धा."

"घाला, घाला!"

"कशाला उगीच त्रास त्यांना?" सासूबाईंनी रिमोट उचलून मांडीवर ठेवला. "माझं नसलं तरी चालेल. हीच राहू द्या. किती स्पष्ट दिसतंय!"