पूर्ण नाव सांगा

मराठीत 'ही' म्हणजे बाई आणि इंग्रजीत 'ही' म्हणजे बाप्या. माझ्या मेहरूणच्या इंग्रजीच्या शिकवणीत सगळे तिथंच आपटायचे. घसा फोडून सांगितलं तरी बायकोला 'ही' करून मोकळे! कुंदाबाई मात्र कधी चुकली नाही. एकदाच कुरकुरली, "ताई, नवऱ्यालाही 'ही' अन् सालदारालाही 'ही'? अहो-जाहो काही असतं की नाही इंग्रजीत?"

"नसतं. मुकाट्यानं लिही," मी म्हटलं.

वाक्यात नवऱ्याचं नाव ती कधीच घालायची नाही, कायम 'ही'. मला वाटायचं, वा, सर्वनाम पक्कं बसलं!

ब्याण्णव साली एका नव्या इंग्रजी शाळेला बालवर्गासाठी बाई हवी होती. नेमका त्याच आठवड्यात केळीचा ट्रक उलटला आणि त्यात असलेला कुंदाचा नवरा हिलाल सरकारी दवाखान्यात पडला. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस निघू द्या, मग बोलू. त्याच दिवशी मुलाखत. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, म्हणून सासूनंच तिला पिटाळलं.

मी खिडकीबाहेर उभी होते. मुख्याध्यापिकेनं नाव विचारलं.

"माय नेम इज कुंदा."

"फुल नेम, प्लीज."

कुंदा गप्प. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि आमच्याकडे ते बायकोनं तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. उखाण्यात घेतील तेवढंच. आणि आज तर तो मरणाच्या दारात!

"साधा प्रश्न कळत नाही हिला," मुख्याध्यापिकेच्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले.

अशी तिडीक गेली डोक्यात! अरे, कळतंय तिला, म्हणूनच गप्प आहे! पण 'घे नाव' असं तरी मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

मुख्याध्यापिकेनं पुढच्या बाईला बोलवायला घंटीवर हात ठेवला. कुंदानं पदर मुठीत आवळला आणि डोळे मिटले.

"कुंदा हिलाल पाटील."

पुढचं सगळं तिनं खाली मान घालून, न अडखळता सांगितलं. सोमवारपासून या म्हणाले. मी आनंदानं तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला.

"ताई, रिक्षा करा. दवाखान्यात."

वॉर्डाच्या दारात तिचे पाय अडले. "तुम्ही आधी जा. मला सांगा."

मी देवाचं नाव घेत आत गेले. हिलालचे डोळे उघडे होते! सासू, यशोदाबाई, त्याला चमच्यानं पाणी पाजत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

"ये गं मेले, चांगला शुद्धीवर आहे!" मी ओरडले.

ती येईना. दाराला धरून हमसून हमसून रडायला लागली. "मी नाव घेतलं यांचं. सगळ्यांसमोर."

हिलालनं मान तिच्याकडे वळवली.

"मनं नाव? तू लिधं?" आवाज पार खोल गेला होता त्याचा. "आठे ये. आखो एकदाव ले. उखाणा सोडीसन मी कधी आयकं नही." आणखी एकदा घे, म्हणत होता!

यशोदाबाईंनी चमचा ठेवला आणि चहा आणते म्हणून बाहेर गेल्या.